ते बेरिंग माझ्या गाडीचं नव्हतंच

मागच्या उजव्या चाकातून तेल गळायचं. वर्षभरात ते तीनदा "दुरुस्त" झालं आणि तीनदा परत सुरू झालं. त्यात माझे साडेसोळा हजार गेले. गॅरेजचं नाव लिहीत नाही. पुरावा म्हणाल तर माझ्याकडे एक बेरिंग आणि बिननावाच्या तीन चिठ्ठ्या, एवढंच आहे. पण आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत जाणाऱ्या जुन्या सात सीटर गाड्या घरोघर आहेत, आणि माझ्यासारखे "भाऊ, तुम्ही बसा, चहा घ्या" म्हटलं की बसणारेही घरोघर आहेत.

गाडी २००८ ची. २०२३ मध्ये पंधरा वर्षं भरत होती, म्हणजे रीपासिंग, आरटीओकडे नोंदणीचं नूतनीकरण, आलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात एका सकाळी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर काळा ओघळ दिसला. बोट लावून वास घेतला तर उग्र, गंधकासारखा. हा वास गिअर ऑइलचा, म्हणजे ज्याला आपण नव्वद नंबर म्हणतो त्याचा. ब्रेक ऑइल पातळ असतं, त्याला असा वास नसतो. मला एवढं कळत होतं. म्हणूनच तर जास्त वाईट वाटतं.

पहिल्यांदा मिस्तरीने चाक खोललं, शाफ्ट म्हणजे चाक फिरवणारा दांडा ओढला, आणि तेल अडवणारं रबरी सील बदललं. १८०० रुपये. सील फाटलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं, त्यामुळे त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. दोन महिन्यांत परत ओघळ. "काका, लोकल सील निघालं, आता ओरिजनल टाकतो." २७०० रुपये, त्यात एक डबा ऑइल. दिवाळीपर्यंत ठीक चाललं. मग अंगणात गाडीखाली केळीच्या खोक्याचा पुठ्ठा टाकून ठेवू लागलो. आधी पाचच्या नाण्याएवढा डाग, मग बशीएवढा. जानेवारीत सावद्याला बाजाराच्या गर्दीत ब्रेक मारला तर गाडी डावीकडे ओढली गेली. उजव्या चाकाचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, तेलाने भिजले होते. समोर भाजीवाल्या बाईची हातगाडी होती. तो प्रसंग आठवला की अजून हात थंड पडतात.

तिसऱ्या वेळी मिस्तरीने चाक हलवून दाखवलं. "बेरिंग गेलंय. बेरिंग खेळतंय म्हणून सील टिकत नाही. पासिंगच्या वेळी साहेबाने खाली वाकून तेल पाहिलं तर गाडी नापास." बेरिंगमध्ये खेळ असला तर सील टिकत नाही, हे खरंच आहे. खोटं बोलताना माणूस निम्मं खरं का बोलतो, ते मला त्या दिवशी कळलं. बारा हजार सांगितले: बेरिंग, सील, लायनर, ऑइल, मजुरी. सकाळी गाडी दिली, दुपारी चारला तयार. जुनं बेरिंग मी मागितलं, तर पेपरात गुंडाळून हातात दिलं, जड, काळं, तेलकट. मी समाधानाने घरी आणलं आणि खताच्या पावत्यांवर वजन म्हणून ठेवून दिलं.

मेमध्ये, रीपासिंगला तीन आठवडे असताना, पुठ्ठ्यावर परत बशी.

यावेळी मेहुण्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्तरींकडे पाठवलं. मूळचे अमळनेरकडचे, बोलणं पक्कं अहिराणी. गाडी पंचवीस किलोमीटर चालवत नेली होती, ऊन तर विचारू नका. त्यांनी चाकाला हात लावला नाही. आधी विचारलं, "नाल्यातून, चिखलातून नेता का?" मग आडवे होऊन खाली सरकले आणि एक्सलच्या, म्हणजे ज्यात शाफ्ट फिरतो त्या, नळीवरची बोराएवढी टोपी पान्याने सैल केली. फुस्स करून हवा सुटली. मलाही ऐकू आली.

ती टोपी म्हणजे ब्रीदर. गाडी चालली की आतलं ऑइल तापतं, आतली हवा फुगते, आणि तिला बाहेर पडायला ही एवढीच वाट असते. आमची काळी माती ओली असताना त्यात शिरते आणि उन्हात सिमेंटसारखी वाळते. मग हवेला दुसरी वाट कुठली? सीलच्या ओठातून. नवं सील टाका, ओरिजनल टाका, दाब तोच. उलट, तापलेला एक्सल नाल्याच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सैल पडलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर तेच समजायचं. मिस्तरींनी टोपी फुंकून दाखवली, हवा आरपार जाईना. तारेने टोकरली तेव्हा मातीची गोळीच बाहेर पडली.

मग ऑइल भरायचा बोल्ट खोलला, तर भडाभडा अर्ध्या लिटरच्या आसपास तेल सांडलं. गाडी सपाट जागेवर उभी असताना तेल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं, वर नाही. एक बाजू जॅकवर उचलून भरलं की जास्तीचं मावतं. आणि त्या जास्तीच्या डब्याचे पैसे मीच दिलेले.

आता बेरिंग. शाफ्ट बाहेर काढल्यावर त्यांनी कपड्याने पुसून दाखवला. बेरिंगच्या मागे एक लोखंडी कडं घट्ट बसवलेलं असतं. बेरिंग बदलायचं तर ते कडं ग्राइंडरने किंवा छिन्नीने फोडावं लागतं आणि नवं कडं प्रेसवर दाबून बसवावं लागतं. माझ्या शाफ्टवरच्या कड्यावर जुना, एकसारखा गंज होता, छिन्नीचा एक ओरखडा नाही. पहिल्या गॅरेजात प्रेसही नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. बेरिंग हाताने फिरवलं तर आवाज नाही, खेळ नाही. चांगलं होतं ते, पंधरा वर्षांपूर्वीचंच.

मी घरून ते वजनाचं बेरिंग मागवून घेतलं. पोराने आणून दिलं. मिस्तरींनी चष्मा वर केला, कडेचा आकडा वाचला आणि हसले. "हाई तुमनी गाडीनं नई शे, भाऊ." माझ्या शाफ्टवरच्या बेरिंगवर ६३०८ होतं, पेपरातल्यावर ६३१०. अशा बेरिंगच्या शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये निघतं (०४ पासून पुढे हे चालतं). म्हणजे माझं चाळीस, ते पन्नास. त्यांनी ते शाफ्टमध्ये ओवलं, तर म्हातारीच्या हातातल्या बांगडीसारखं लोंबकळत राहिलं. कुठल्यातरी ट्रॅक्टरचं असावं.

खर्च सगळा मिळून ३४०० झाला: सील, लायनर, नवा ब्रीदर, योग्य मापाने ऑइल. सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर नखाला लागेल अशी चर पडली होती, ती पॉलिश केली. जास्त खोल असती तर पातळ स्टीलची बाही चढवावी लागली असती. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड वर, बॉडीच्या आत नेलं. रीपासिंग झालं. पुठ्ठा कोरडा आहे.

बेरिंग घेऊन मी पहिल्या गॅरेजात गेलो. आधी "पोराने चुकून दुसरं दिलं असेल," मग "काका, एवढ्यासाठी भांडता का?" ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा लागत नाही. पण तिथे पहिला प्रश्न बिलाचा येणार, आणि माझ्याकडच्या चिठ्ठीवर "मा. चाक १२०००" एवढंच, ना नाव ना गाडी नंबर. पक्कं बिल न देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी ते मागितलंच नव्हतं. मागितलं असतं तर जीएसटी लागेल म्हणाला असता, आणि मीच नको म्हटलं असतं.

तरी आयोगाचं नाव काढल्यावर चार हजार परत दिले, दोन हप्त्यांत. बाकीचे दिवाळीनंतर देतो म्हणाला. कोणत्या दिवाळीनंतर, ते सांगितलेलं नाही.