ऑनलाइन मिळणारं हर्ब किट, जळगावच्या उन्हात किती कामाचं?

ऑनलाइन घरी हर्ब्ज लावायचं किट मागवलं होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही. आत कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) वड्या, प्लास्टिकच्या छोट्या कुंड्या, बेसिल, पार्सली, थाईम, ओरेगॅनो आणि चक्क कोथिंबिरीचं बी. अहो, डब्यातले धने चोळून दोन फोडी करून पेरले की झालं, त्याचे काय पैसे लावता?

बेसिल मात्र एक नंबर. तुळशीच्याच घरातलं, ऊन आवडतं, फालुद्यातला सब्जा म्हणजे याच झाडाचं बी, त्यामुळे नखरे नाहीत. पानांच्या जोडीच्या जरा वर शेंडा खुडायचा म्हणजे खालून दोन फुटवे येतात, तुरा दिसला की लगेच काढायचा. मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा दुपारची सावली आणि दोन टाइम पाणी द्या. पार्सली उगवायलाच तीन-चार आठवडे लावू शकते, एवढा धीर कोणाला, आणि घरात कोथिंबीर असताना ती हवी तरी कशाला. थाईमला मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, कोकोपीट तर ओलं धरून बसतं, वरून कुंड्यांना खाली भोकच नाही!! खिळा तापवून पाडा आणि थाईमला वाळू मिसळा.

खरी चीड आली ती रेसिपीच्या पुस्तकाची. सगळीकडे नुसतं 'ताजे हर्ब्ज घाला', पण कधी? थाईम, ओरेगॅनो दमदार, ते तेलात सुरुवातीला पडले तरी चालतात, उलट मुरतात. बेसिल, पार्सली नाजूक, गॅस बंद केल्यावर हाताने तोडून टाका, चाकूने बारीक चिरलं तर कडा काळ्या पडतात. आपण नाही का कढीपत्ता फोडणीत टाकतो आणि कोथिंबीर वरून, तोच हिशोब, पण एक ओळ लिहायला काय जात होतं? रेसिपीत वाळलेलं 1 चमचा असेल तर ताजं साधारण 3 चमचे घ्या, हेही त्यात नाही. बेसिल फ्रिजमध्ये काळं पडतं, काड्या पाण्याच्या ग्लासात ठेवून ओट्यावरच राहू द्या.

आमच्याकडे हिट झालं ते असं, भाजलेले शेंगदाणे, लसूण, एक हिरवी मिरची, मूठभर बेसिल, मीठ, खलबत्त्यात जाडसर कुटायचं आणि वरून कच्चं तेल. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर तर विचारूच नका. वांग्याच्या भरतात टाकायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "भरतात कांद्याची पात अन् कोथिंबीर, तिसरं पान पडलं तर मी जेवणार नाही." बरोबरच आहे त्यांचं.

5 पैकी 2 स्टार, तेही बेसिलचे. नर्सरीतून बेसिलचं एक रोप आणा, स्वस्तात काम होतं. पुदिना हवा असेल तर बाजारातल्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवा, मुळं फुटली की लावा, फक्त कुंडी वेगळी घ्या, तो दुसऱ्या कोणाला जागा ठेवत नाही.