वेग घेताना थरथर: बॅलन्सिंग की ड्राइव्ह शाफ्ट?
पुढच्या चाकांना ताकद जाणारी जुनी गाडी वेग घेताना थरथरते, आधी काय करू, असं मित्राने विचारलं. म्हटलं, मोकळ्या रस्त्यावर 80 ला जाऊन अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघ. थरथर तशीच राहिली तर बहुधा चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडलंय. पाय उचलताच थांबली तर बहुधा ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, गिअरबॉक्सकडचा जॉइंट खराब. त्यातले रोलर ज्या खाचेत सरकतात ती झिजते, मग जोर आला की शाफ्ट हेलकावतो. जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर संशय पक्काच.

बॅलन्सिंग स्वस्त, झटपट. पण टायर झिजले की पुन्हा. शाफ्ट महाग, कामही किचकट, मात्र वर्षानुवर्षं टिकतो.

ठरावीक वेगालाच स्टिअरिंग हलतं? बॅलन्सिंग करा. चढावर जोर देतानाच थरथरते? थेट शाफ्ट तपासा.