१७ इंची सीआरटी मॉनिटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात पुण्याच्या जुन्या बाजारातून १७ इंची सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचा, मॉनिटर ९०० रुपयांना घरी आणला, तेव्हा हा ठोकळा गॅलरीत ठेवावा असे घरच्यांचे मत पडले. आज तो माझ्या जुन्या पेंटियम संगणकाला जोडलेला असून डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचे सगळे खेळ मी त्याच्यावरच खेळतो.

खरेदीमागे आठवणींचा भाग होता, हे नाकारत नाही; कॉम्प्युटर क्लासचे सर चहाला गेले की तिथे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू होत असे. परंतु खरा फरक चित्राच्या आकारात निघाला. १९८९ च्या या खेळाच्या डॉस आवृत्तीचे चित्र ३२० बाय २०० बिंदूंचे आहे आणि ते ४:३ प्रमाणाच्या पडद्यावर पूर्ण पसरले की प्रत्येक बिंदू रुंदीपेक्षा सुमारे २० टक्के उंच होतो. माझ्या एलसीडीवर बिंदू चौरस दिसत असल्यामुळे राजपुत्र इतकी वर्षे मला बुटका दिसत होता! शिवाय संगणकातले व्हीजीए कार्ड (मॉनिटरला चित्र पाठवणारा भाग) प्रत्येक ओळ दोनदा काढून ४०० ओळींचे चित्र सेकंदाला ७० वेळा पाठवते. पिक्चर ट्यूब ते आहे तसे रेखाटते, तर एलसीडीला ते आपल्या ठरलेल्या बिंदूंत ताणून बसवावे लागते. ट्यूबमधला फॉस्फर, म्हणजे काचेवरचा चमकणारा लेप, क्षणभर उजळून विझत असल्याने धावणारी आकृतीही फरफटल्यासारखी दिसत नाही.

लिखाणासाठी मात्र मी हा मॉनिटर सुचवणार नाही. ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र काढत, विंडोज वापरताना तासाभरात डोके दुखू लागले. ८०० बाय ६०० वर ८५ हर्ट्झ ठेवल्यावर तो त्रास थांबला, तरी अक्षरे एलसीडीइतकी रेखीव दिसत नाहीत. वजनाने टेबलाची फळी वाकली. शेजारी स्पीकर ठेवल्याने कोपऱ्यात हिरवट डाग उमटला होता; स्पीकर दूर सरकवून पडद्यातले चुंबकत्व घालवणारे डीगॉसचे बटण दाबताच 'धुम्म' असा आवाज झाला, चित्र थरथरले आणि डाग गेला.

या पावसाळ्यात आतून चरचर ऐकू येऊ लागली. बंद केल्यानंतरही ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो, म्हणून स्वतः न उघडता मेकॅनिकला बोलावले. एलओटीभोवती (ट्यूबला उच्च दाबाची वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरभोवती) साचलेली दमट धूळ त्याने साफ केली आणि तसाच दुसरा मॉनिटर दिसला तर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवायला सांगितले. त्या दुसऱ्या मॉनिटरसाठी गॅलरीतली ती जागा आता मलाच मागावी लागणार आहे.