बॅलनशीन यांच्या बॅलेवर आठ शनिवार: पुण्यातल्या एका रसग्रहण वर्गाविषयी

आपल्याकडे ‘बॅले’ म्हटले की नृत्यनाट्य डोळ्यांसमोर येते. रामायणातला किंवा कृष्णचरित्रातला एखादा प्रसंग, त्याला साजेशी वेशभूषा, पडद्यामागून येणारे निवेदन आणि समूहनृत्य एवढे जमले की कार्यक्रमपत्रिकेवर ‘बॅले’ असे छापले जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्यामुळे कर्वे रस्त्यालगतच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात, जॉर्ज बॅलनशीन या रशियातून अमेरिकेत गेलेल्या एकाच बॅले-नृत्यरचनाकाराच्या कामावर आठ शनिवारांचा रसग्रहण वर्ग होणार असल्याचे कळले, तेव्हा मी नाव नोंदवले ते जरा साशंक मनानेच. ज्यांनी आपल्या कितीतरी महत्त्वाच्या रचनांतून गोष्टच काढून टाकली, त्यांचे काम गोष्टीच्या आधाराने नाच पाहणाऱ्या आपल्या प्रेक्षकाला कितपत पोचेल, असे वाटत होते. आता वर्ग संपला आहे आणि माझे मत पक्के झाले आहे: ज्याने पुण्यात बसून मन लावून कथक पाहिले आहे, त्याची बॅलनशीन समजण्याची निम्मी तयारी आधीच झालेली असते. शिकवणाऱ्या ताईंनी ही तयारी ओळखली आणि तिच्यावरच वर्गाची उभारणी केली, म्हणून तो जमला.

व्यवहाराची माहिती आधी देते. प्रत्येक सत्र दोन तासांचे होते आणि आठ सत्रांचे शुल्क साडेतीन हजार रुपये होते. आम्ही बावीस जण होतो. त्यांत कथक आणि भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली बऱ्याच होत्या, व्हायोलिन वाजवणारे दोघे होते आणि माझ्यासारखे नोकरीतून मोकळे झालेले काही जण होते. ताई काही वर्षे परदेशात बॅले शिकून आल्या आहेत, पण बोलतात स्वच्छ मराठीत. प्लिए, अराबेस्क, टर्नआउट हे शब्द त्यांनी जसेच्या तसे ठेवले आणि प्रत्येक शब्द उच्चारताना ती क्रिया स्वतः करून दाखवली. हाती दिलेली टिपणेही मराठीत होती.

पहिल्या सत्राची सुरुवात मात्र बिघडली. पडद्यावर बॅलनशीन यांच्या ‘सेरेनेड’ या रचनेचे चित्रण चालू होते आणि काहीतरी सतत खटकत होते. पाय जमिनीला टेकत होते आणि स्वर त्यानंतर येत होता. बिनतारी स्पीकरमधून आवाज किंचित उशिरा पोचत होता, अर्ध्या मात्रेपेक्षाही कमी अंतराने. एखाद्या चित्रपटात हे खपून गेले असते, पण इथे सगळा नाचच बेताल दिसू लागला. माझ्या शेजारचे तबला शिकलेले काका न राहवून म्हणाले, “ताई, यांची सम चुकतेय.” ताईंनी चित्रण थांबवले, दिलगिरी व्यक्त केली आणि पुढच्या शनिवारपासून तारेने जोडलेला स्पीकर आणला. शुल्क घेऊन चालवलेल्या वर्गात ही तपासणी आधीच व्हायला हवी होती, हे मी त्यांना सांगितलेही. तरीही त्या चुकीतून एक गोष्ट आम्हाला कोणी न सांगता कळली: या माणसाच्या नाचातून संगीत केसभर जरी सरकले, तरी मागे काही उरत नाही.

ताईंची शिकवण्याची पद्धत सोपी आणि फार परिणामकारक आहे. एखाद्या रचनेचे संगीत आधी नुसते ऐकायचे, डोळे मिटून आणि हाताने मात्रा धरून. मग तेच चित्रण आवाज बंद करून पाहायचे. शेवटी दोन्ही एकत्र. बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोवर १९४१ मध्ये रचलेल्या ‘कॉन्चेर्टो बारोक्को’च्या वेळी या क्रमाचे मोल खरे कळले. पहिल्या भागात दोन प्रमुख नर्तकी दोन व्हायोलिनांसारख्या एकमेकींच्या वाक्यात वाक्य मिसळत जातात आणि मागच्या आठ जणी सबंध वाद्यवृंद होऊन त्यांना तोलतात. पण त्या स्वरांची नुसती नक्कल करत नाहीत; व्हायोलिन लांब स्वर धरते तेव्हा पाय दुपटीत चालू असू शकतात आणि संगीत धावू लागले की शरीर संथ होऊ शकते. आमच्यातली व्हायोलिन वाजवणारी मुलगी म्हणाली की ही रचना तिने शेकडो वेळा ऐकली आहे, पण आतला एक आवाज तिला आज नाच पाहून ऐकू आला. बॅलनशीन यांची साधनाही त्याच दिशेची होती. वडील जॉर्जियन संगीतकार होते. स्वतः बॅलनशीन बॅलेच्या शाळेनंतर पेट्रोग्राडच्या संगीतविद्यालयात पियानो आणि रचनाशास्त्र शिकले आणि पुढे आयुष्यभर वाद्यवृंदाच्या स्वरलिपीवरून स्वतः पियानोसाठीची स्वरलिपी तयार करत राहिले. पावले ठरवण्याआधी त्यांनी संगीत असे हाताने उकलून पाहिलेले असे.

वर्गातला मला सर्वांत आवडलेला अर्धा तास ‘सेरेनेड’च्या आरंभाचा. पडदा उघडतो तेव्हा सतरा मुली तिरक्या रांगांत उभ्या असतात, पावले एकमेकांना समांतर जुळलेली, उजवा हात वर आणि तळवा पुढे, जणू कुठून तरी प्रकाश येतो आहे आणि त्या तो अडवत आहेत. मनगट हळूच मोडते, हात कपाळाशी येतो, तिथून छातीशी उतरतो आणि मग एकाच क्षणी सगळ्यांची पावले बाहेरच्या बाजूला उघडतात. ताईंनी खुर्च्या मागे सरकवून आम्हा सर्वांना हे करायला लावले. माझ्या पायांना पंधरा वर्षांच्या कथकने समांतर उभे राहण्याची सवय लावलेली. ततकारही, म्हणजे पायांनी बोल वाजवणेही, तशीच होते. त्यामुळे शेवटच्या हालचालीला माझे गुडघे कुरकुरले, भरतनाट्यमच्या मुलींना मात्र ती सहज जमली. पण मांडीच्या मुळापासून पाय उघडताना पाठीत जी ताठ उभारी येते, ती अंगाने अनुभवल्यावर कळले की इतका वेळ रस्त्यावरच्या सामान्य मुलींसारख्या उभ्या असलेल्या त्या सतरा जणी त्या एका क्षणात नर्तकी होतात. कथा नसलेल्या रचनेत याहून मोठी घटना घडण्याची गरजही नाही.

या रचनेमागची हकिकत ताईंनी छान सांगितली. १९३३ मध्ये लिंकन कर्स्टीन या अमेरिकन कलाप्रेमींच्या निमंत्रणावरून बॅलनशीन अमेरिकेला गेले, तेव्हा कंपनीच्या आधी शाळा हवी अशी त्यांची अट होती, आणि जानेवारी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती शाळा सुरू झाली. ‘सेरेनेड’ त्याच विद्यार्थिनींसाठी, त्यांना रंगमंच शिकवण्यासाठी बसवलेले. पहिल्या दिवशी सतरा जणी आल्या म्हणून आकृती सतरांची. एक जण उशिरा आली, एक तालमीत पडली, आणि दोन्ही प्रसंग रचनेत कायमचे राहिले. चायकॉव्स्कीच्या मूळ कृतीतले शेवटचे दोन भाग त्यांनी उलटे केले, त्यामुळे शेवट जल्लोषावर न होता शोकगीतावर होतो. जे हाताशी आहे त्यातूनच रचना करायची, हा त्यांचा स्वभाव यात पुरता दिसतो.

चरित्राचा भाग तिसऱ्या सत्रात उरकला गेला. १९०४ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्म, नवव्या वर्षी शाही नाट्यशाळेत प्रवेश, १९२४ मध्ये रशियाबाहेर पडून दिआघिलेव्ह यांच्या ‘बॅले रूस’ या नृत्य कंपनीत काम, १९४८ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅले या कंपनीची स्थापना, १९८३ मध्ये मृत्यू. त्यांच्या विवाहांवर गेलेला वेळ मला अनाठायी वाटला. तो वेळ १९२८ च्या ‘अपोलो’ या रचनेला द्यायला हवा होता, कारण तिथेच स्ट्राविन्स्की या रशियन संगीतकाराच्या केवळ तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या संगीतातून त्यांना कळले की हाती असलेले सगळे वापरायचे नसते, गाळायचे असते. पुढे नेपथ्य गेले, भरजरी पोशाख गेले आणि सरावाच्या साध्या काळ्या-पांढऱ्या कपड्यांत नाच उभा राहिला, त्याची सुरुवात इथे आहे. ताईंनी हे दहा मिनिटांत संपवले.

त्याची भरपाई ‘अगॉन’च्या सत्राने केली. १९५७ ची ही रचना, बारा नर्तकांची, स्ट्राविन्स्कीबरोबर बसून घडवलेली. तिच्यातल्या एका छोट्या तुकड्यात कॅस्टानेटवर, म्हणजे हातात धरून वाजवायच्या लाकडी टाळ्यांवर, एकच ठेका अखंड चालू राहतो आणि त्याच्यावर इतर वाद्यांचे माप पाच-सातच्या हिशेबाने बदलत राहते. ताईंनी तो ठेका टाळीवर धरायला सांगितला आणि वर्गातल्या कथकच्या मुलींना तो दुसऱ्याच आवर्तनात साधला. लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी फिरती धून, चालू असताना आडलयीत (दीडपट गतीत) शिरून पुन्हा समेवर येणे त्यांच्या कानात मुरलेले आहे. कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये ज्या शहरात नृत्यभारती ही संस्था सुरू केली, त्या शहरातल्या मुलींना नृत्त, म्हणजे अर्थाविना केवळ लयीचे नृत्य, म्हणजे काय हे नव्याने सांगावे लागत नाही. कथकमधली आमद, म्हणजे नृत्याच्या आरंभीची बंदिश, पाहताना ‘याचा अर्थ काय’ असे आपण विचारत नाही. लयीत घडलेली आकृती आपल्याला पुरते, आणि तीच नजर ‘अगॉन’ला लागते.

एका मुद्द्यावर मात्र माझे ताईंशी पटले नाही. उत्साहाच्या भरात त्यांनी बॅलनशीन यांच्या रचनांना कथकमधल्या उपजेच्या, म्हणजे रंगमंचावर त्या क्षणी सुचलेल्या रचनेच्या, जवळ नेले. बॅलनशीन तालमीत नर्तकांच्या अंगावर भराभर रचत, हे खरे आहे, पण रंगमंचावर नर्तकाला काही सुचण्याची मुभा नसते. तबल्याकडे पाहून त्या क्षणी तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा बोल) बांधणारी एकल नर्तकी आणि ठरलेले पाऊल ठरलेल्या स्वरावर टाकणारी नर्तकी यांचे धैर्य वेगवेगळे असते, आणि हा फरक पुसला तर दोन्ही कलांवर अन्याय होतो.

‘अगॉन’मधल्या युगुलनृत्याबद्दल ताई जे बोलल्या ते मनात राहिले. डायना ॲडम्स या गोऱ्या नर्तकीचा हात आर्थर मिचेल या कृष्णवर्णीय नर्तकाच्या हातात, आणि तेही १९५७ सालच्या अमेरिकेत. कोणतेही भाषण न करता, दोन हातांच्या रंगांचा विरोध रचनेचाच भाग करून बॅलनशीन यांनी तो मंचावर आणला. मिचेल यांनी पुढे १९६९ मध्ये डान्स थिएटर ऑफ हार्लेमची स्थापना केली.

माझी खरी तक्रार सातव्या सत्राबद्दल आहे. वेग, लांब रेषा, तोल ढळण्याच्या काठावर उभे राहणारे शरीर हे सगळे सौंदर्य ताईंनी उलगडून दाखवले, पण त्या सौंदर्यासाठी नर्तकींकडून किती कृश देहाची अपेक्षा केली गेली आणि एका माणसाच्या पसंतीवर किती जणींचे भवितव्य अवलंबून राहिले, यावर एकच वाक्य आले. त्यांच्या कंपनीतल्या काही नर्तकींनी याबद्दल पुढे उघडपणे लिहिले आहे. समोर बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली घरी जाऊन आरशात स्वतःला त्या पडद्यावरच्या देहांशी ताडून पाहणार, हे उघड होते. त्यांच्यासाठी हा विषय अर्धा तास तरी बोलायला हवा होता. मी नंतर ताईंना तसे म्हटले. त्यांनी ऐकून घेतले आणि पुढच्या वर्गात ‘अपोलो’ आणि हा विषय, दोन्हींना स्वतंत्र वेळ देण्याचे कबूल केले.

पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. नृत्य शिकणाऱ्यांनी तर जावेच, पण संगीत ऐकणाऱ्यांनी अधिक अगत्याने जावे. बॅलेचे काहीही पूर्वज्ञान लागत नाही, टाळीवर मात्रा धरता आली तर फायदा होतो. इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना उंच पायऱ्यांचा आहे, त्यामुळे ज्येष्ठांनी दहा मिनिटे हाताशी ठेवून निघावे. चित्रण पुढच्या तीन रांगांतूनच नीट दिसते, कारण पडदा लहान आहे आणि मागून नर्तकांची पावले झाकली जातात.