भुईकोटाचा निरोप आणि माझे १०,२४० रुपये

आमच्या गोलकीपरला आम्ही भुईकोट म्हणतो. गावात भुईकोट किल्ला आहे हे एक कारण. दुसरं म्हणजे गोल झाला की हा गडी कायम भुईवर आडवा सापडतो. चेंडू उजवीकडून गेला तर हा डावीकडे लोळलेला, डावीकडून गेला तर उजवीकडे. मधून गेला तर गुडघ्यावर बसून आकाशाकडे बघणार, जसं काही वरूनच कुणी दगाफटका केला.

रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही सोळा जण खेळतो. उन्हाळ्यात सोलापुरात आठनंतर फुटबॉल खेळायचा म्हणजे भाकरीच्या तव्यावर पाय ठेवायचा. पुस्तकात गोलची रुंदी ७.३२ मीटर असते. आमची दोन दगडांएवढी असते आणि दर गोलनंतर भुईकोट ते दगड पायाने हळूच आत सरकवतो. खेळ संपेपर्यंत दोन दगडांमधून मांजर गेलं तरी त्याला अंग चोरावं लागेल. या फसवणुकीची तक्रार आजवर कुणी केली नाही. मी सांगणार आहे ती वेगळी.

भुईकोट बँकेत आहे. डिसेंबरअखेर त्याची पुण्याला बदली झाली. सोलापूरचं प्रत्येक दुसरं पोर पुण्याला जातंच, त्यात नवल नाही. पण आमचं एकुलतं एक भगदाड जाणार म्हटल्यावर सगळे हळवे झाले. ठरलं असं, की गड्ड्याची जत्रा उरकली की येणाऱ्या रविवारी मंगळवेढ्याकडच्या एका शेतावर हुरडा पार्टी करायची आणि तिथे सगळ्यांनी एकसारखी जर्सी घालून त्याला निरोप द्यायचा. सगळ्यांच्या पाठीवर त्याचंच नाव आणि एक नंबर. सोळा गोलकीपर! वर्गणी माणशी ४००. भुईकोटाची सोडून पंधरा जणांची जमली ६,०००, आणि खजिनदार मी, कारण माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि हिशेब मला कळतो असा लोकांचा समज होता.

आता मूर्खपणाची पहिली पायरी. देशभरच्या शाळांना गणवेश शिवून पाठवणाऱ्या गावात मी राहतो. अशोक चौकाच्या बाजूला सहज चक्कर मारली असती तरी दहा शिलाईवाले भेटले असते. आपल्या सोलापुरी चादरीच्या नावावर बाहेर कसल्या नकला खपवतात, हे मीच पाहुण्यांना तासभर सांगत असतो. आणि तरी मी इन्स्टाग्रामवर जर्सी शोधली. फोटो चकाचक होते, खाली ‘मस्त क्वालिटी, ब्रो’ अशा कमेंटी होत्या आणि भाव होता ३२० रुपये. सोळा जर्सींचे ५,१२०. निम्मे आगाऊ म्हणून २,५६० मी लगेच पाठवले.

बोलणारा हिंदीत बोलायचा, आवाज गोड. बोलता बोलता मीच त्याला सांगून टाकलं, की मित्राचा निरोप आहे, सरप्राइज आहे, त्याला कळता कामा नये. तो म्हणाला, ‘बहुत बढ़िया सर, फिर किसी को मत बताना.’ तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. दुकानात गर्दी, बाहेर जत्रेला निघालेल्या पोरांच्या पिपाण्या, एका बाईंना प्रोजेक्टसाठी चार्टपेपर हवा होता आणि कुठला रंग ते त्यांच्या मुलाला आठवत नव्हतं. हा म्हणाला, तुमचे आगाऊ पैसे चुकीच्या खात्यात गेलेत, ऑर्डर अडकलीय, रिफंड घ्या आणि नव्या खात्यावर भरा, म्हणजे शनिवारी पार्सल हातात. त्याने क्यूआर पाठवला. मी दुसऱ्या फोनवरून स्कॅन केला. रक्कम आधीच भरलेली होती, २,५६०. खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं ‘रिफंड’. तो शेरा क्यूआर बनवणारा हवा तो घालू शकतो, अगदी ‘सत्यनारायणाचा प्रसाद’सुद्धा, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. नाव एका बाईचं दिसत होतं. त्याने सांगितलं, अकाउंट्सच्या मॅडम. मी पिन टाकला.

२,५६० गेले.

तो घाबरल्यासारखा झाला. ‘सर, ये क्या कर दिया आपने!’ म्हणजे चूक माझीच. आता दोन्ही मिळून ५,१२० चा रिफंड एकदम काढावा लागेल, लवकर करा, सिस्टीम सहा वाजता बंद होते. घड्याळात पावणेसहा झाले होते. मी दुसरा क्यूआर स्कॅन केला, पुन्हा पिन टाकला आणि ५,१२० गेले.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिची लाज मला पैशांपेक्षा जास्त वाटते. माझ्या काउंटरवर क्यूआरचा फलक आहे. दिवसात पन्नास-साठ जण त्यावर पैसे देतात. पेन्सिल, खोडरबर, झेरॉक्स. पैसे घेण्यासाठी मी आजवर एकदाही पिन टाकलेला नाही. स्पीकर बोलतो, मी मान हलवतो, संपलं. तोच मी माणूस, त्याच फलकामागे उभा राहून, पैसे घ्यायला पिन टाकत होतो.

तिसऱ्यांदा तो १०,२४० चा रिफंड म्हणाला, आणि ते जमत नसेल तर एक लिंक पाठवतो, अ‍ॅप टाका, आमचा माणूस तुमच्या स्क्रीनवर बघून करून देईल. खात्यात तेवढे नव्हतेच, म्हणून बायकोकडून मागवायचं मनात आलं. तोवर क्लबच्या वर्गणीतले ६,००० आणि वरचे माझे ४,२४० गेले होते.

हे सगळं कुणाला विचारावं? आमच्या सोळांत बँकेतला माणूस एकच, भुईकोट. आणि सरप्राइज त्याचंच. दहा मिनिटं मी याच पेचात काढली. त्याला फोन केला तर निरोपाची मजा जाईल, असं मला खरोखर वाटत होतं. शेवटी केला, तोही आडून, की माझ्या एका गिऱ्हाईकाचं असं असं झालंय.

तो म्हणाला, ‘तुझंच झालंय बे. कट कर फोन. त्याचा आधी, मग माझा. मग १९३० लाव. लिंक उघडलीस का? उघडू नको.’

अकरा वर्षांत भुईकोटाने अडवलेला हा पहिला खरा शॉट.

१९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. तिथे बोलणाऱ्या ताईंनी बँक कुठली, रक्कम किती, किती वाजता आणि व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर विचारला. तो अ‍ॅपच्या हिस्टरीत व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. मी तो घाबरून दोनदा चुकीचा वाचला. तक्रारीचा नंबर एसएमएसने आला. मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर सविस्तर भरायचं, स्क्रीनशॉट जोडायचे. तोवर भुईकोट मोटारसायकलवर येऊन दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याने समजावलं, की चोर पैसे मिनिटामिनिटाला पुढच्या खात्यात ढकलतात, म्हणून तासाभरात कळवलं तर कुठल्या तरी खात्यात ते गोठवता येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे कळवलं तर रिकामं खातं गोठतं. माझे शेवटचे ५,१२० असेच एका खात्यात अडकले. आधीचे दोन हप्ते गेले ते गेले.

बँक भरून देईल का, हेही विचारलं. त्यावर त्याने बँकवाल्याचा आवाज काढला. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केला, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. ‘पण तू स्वतःच्या हाताने पिन टाकलास. याला आम्ही सेल्फ गोल म्हणतो.’ अकरा वर्षं तो ही संधी शोधत होता.

शनिवारी आणखी एक फोन आला. या वेळी मराठीत. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सोडवायला ५०० रुपये फाइल चार्ज भरा.’ एकदा फसलेल्याचा नंबर पुढे विकला जात असावा, असा माझा अंदाज. पोलीस पैसे मागत नाहीत, एवढं तरी मला तोवर कळलं होतं. मी त्याला कन्नडमध्ये जे सांगितलं ते इथे लिहिता येत नाही.

निरोप झाला. जर्सी एकच, ओळखीच्या शिंप्याने रातोरात करून दिलेली, पिवळी, काखेत जरा घट्ट. वर खरी सोलापुरी चादर, दुकानात जाऊन, हाताने चाचपून घेतलेली. हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दही. भाषणाला मी उभा राहिलो आणि त्याच्या खेळाचे किस्से सांगायचे ठरवून गेलो होतो, पण पोरांनी बसवून माझाच किस्सा तीनदा वदवून घेतला. आमच्यातला एक जण डॉक्टर आहे. घरी गेल्यावर त्याला कळलं, की त्याच्या आईनेही असाच ‘रिफंड’ घेतला होता आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी हे लिहायला बसलो तो त्या माउलीमुळे.

शिक्षा म्हणून आता गोलमध्ये मी उभा राहतो. पहिल्या रविवारी सात खाल्ले. दगड आत सरकवायला वाकलो तेवढ्यात आठवा गेला.

परवा पुण्याहून भुईकोटाचा मेसेज आला: ‘गेल्या वर्षीच्या बॉलचे माझे १५० द्यायचे राहिलेत. रिफंड पाठवतोय, स्कॅन कर.’ खाली क्यूआर.

त्याला मी माझ्या दुकानातल्या फलकाचा फोटो पाठवला. पैसे अजून आलेले नाहीत.