विजयसारचा ग्लास: रंग सोडतो, पण साखर उतरवतो का?

माळेगावची यात्रा असो की आठवडी बाजार, जडीबुटीच्या पालावर हा लाकडी ग्लास बघायला मिळतो. रात्री पाणी भरायचं, सकाळी अनशापोटी प्यायचं, की ‘शुगर जाते’ असं सांगतात. लाकूड विजयसारचं, म्हणजे आपला बिबळा.

आधी अस्सल-नक्कल बघा. खऱ्या लाकडाचं पाणी आठ-दहा तासांत हळूहळू कोऱ्या चहासारखं होतं आणि उन्हात धरलं की कडेला निळसर झाक मारतं. पाचच मिनिटांत लालभडक झालं किंवा ओल्या पांढऱ्या फडक्याला रंग लागला, तर लाकडाला रंग फासलाय. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात रंग जास्त खुलतो. त्यावरून ग्लास ‘पॉवरफुल’ ठरवू नका.

महिन्या-दीड महिन्यात पाणी फिकं पडतं. खरी गोम इथेच आहे. पहिल्या दिवशी पाण्यात किती अर्क उतरला आणि चाळिसाव्या दिवशी किती, हे कोणी मोजलेलंच नसतं. विक्रेते ज्या संशोधनाचा हवाला देतात ते आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं), १९९८ सालचं. त्यात ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली, पण विजयसारचं औषध मोजून दिलं होतं, रोज २ ते ४ ग्रॅम. शिवाय सगळे नव्याने निदान झालेले किंवा तोवर उपचार न घेतलेले, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. नवा रुग्ण पथ्याला लागतो, त्यानेही साखर उतरते. त्या आकड्यांवर ग्लास विकणं म्हणजे ओढूनताणून केलेला हिशोब.

तरी करून बघायचंच असेल तर नीट करा. सुरुवातीला एचबीएवनसी (रक्तातल्या लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी) तपासा आणि १२ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये परत. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळे पंधरा दिवसांत तो आकडा काही सांगत नाही. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी, आणि जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी, असं आठवड्यातून तीन दिवस मोजा. त्या दिवशी जेवण तेच ठेवा: दोन भाकरी तर दोनच. मीटरला १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खरी साखर १४० असली तरी मीटर ११९ ते १६१च्या मधलं काहीही दाखवू शकतं. दहा-बारा अंकांच्या उतारावर पेढे वाटू नका. स्ट्रिपची डबी एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत राहिली तर ती फेकाच. बोटावर गुळाचा चिकटा असला तरी आकडा फुगतो.

गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, इन्सुलिन तर मुळीच नाही. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर ग्लासचं पाणी डॉक्टरांना सांगूनच सुरू करा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मीटर ७०च्या खाली दाखवत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी परत मोजा.

वस्तू म्हणून ग्लास टिकतो का? जेमतेम. उन्हात वाळवला की तडकतो, ओला राहिला की तळाला बुरशी धरतो. साबण लावू नका, सावलीत उपडा ठेवा. आणि त्याच पालावर पुडीतून मिळणारं बिनलेबलचं चूर्ण घेऊ नका: असल्या पुड्यांत मधुमेहाच्या अ‍ॅलोपॅथी गोळ्या कुटून मिसळल्याचं तपासणीत सापडलेलं आहे. पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच आणि उत्पादनाची तारीख नसेल तर ते तिथेच सोडा.