ओएसएससी आणि जुने होम कॉम्प्युटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

अमिगा ५०० आणि कमोडोर ६४ (दोन्ही पाल, म्हणजे ५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीचे) नव्या टीव्हीवर चालवण्यासाठी गेले कित्येक महिने ओएसएससी (ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर, म्हणजे जुन्या मशीनचा व्हिडिओ सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलणारा खोका) वापरतोय. याचं नाव निघालं की सगळे चित्राच्या धारदारपणाबद्दल बोलतात. तो आहेच. पण मला सर्वांत उपयोगी पडला तो त्यावरचा छोटा पडदा. जुन्या मशीनचं चित्र आलं नाही की दोष मशीनचा, केबलचा की टीव्हीचा, इथेच माणूस अडकतो. दोष खोक्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे तो पडदा लगेच दाखवतो.

याआधी माझ्याकडे एक स्वस्त स्कार्ट (जुन्या युरोपीय टीव्हींचं अनेक पिनांचं सॉकेट) टू एचडीएमआय कन्व्हर्टर होता. त्यावर अमिगा कृष्णधवल दिसायचा. असे बरेच कन्व्हर्टर स्कार्टच्या २० नंबरच्या पिनवरचा कंपोझिट सिग्नल (सगळं चित्र एकाच तारेवर) तेवढा वाचतात, आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे) पिना त्यांच्या गावीही नसतात, आणि अमिगा ५०० चा कंपोझिट मुळातच बिनरंगी आहे. दुसरी अडचण याहून त्रासदायक. ही मशीन्स सहसा २८८पी पाठवतात, म्हणजे दर फ्रेमला २८८ ओळींचं पूर्ण चित्र. कन्व्हर्टर त्याला ५७६आय (इंटरलेस, म्हणजे सम आणि विषम ओळी आळीपाळीने) समजतो आणि लागोपाठच्या दोन फ्रेम एकमेकींत विणतो. मग पळणाऱ्या स्प्राइटच्या (खेळातल्या हलत्या आकृतीच्या) कडांना कंगव्यासारखे दात फुटतात. त्यावर ५० हर्ट्झचे ६० केले की स्क्रोलिंग अडखळायला लागतं, आणि या मशीनवरच्या खेळांचा जीव त्या गुळगुळीत स्क्रोलिंगमध्येच आहे.

ओएसएससी फ्रेम साठवत नाही. आलेली प्रत्येक ओळ दोनदा ते पाचदा पाठवून मोकळा होतो, त्यामुळे जॉयस्टिकला उशीर जाणवत नाही. पण याच कारणाने मशीनचा रिफ्रेश रेट जसाच्या तसा टीव्हीपर्यंत जातो. अमिगाचा सुमारे ४९.९२ हर्ट्झ, कमोडोरचा ५०.१२. नेमके ५० दोघांचेही नाहीत.

चित्र नसेल तर मी आधी पडदा बघतो. ‘नो सिंक’ (ओळी-फ्रेम जुळवणारा सिग्नलच पोचत नाही) असेल तर टीव्हीला हात लावायची गरज नाही. केबल, सिंकची तार किंवा निवडलेलं इनपुट तपासायचं. पडद्यावर ओळींची संख्या आणि १५.६ किलोहर्ट्झच्या आसपासचा आकडा दिसतोय आणि टीव्ही ‘सिग्नल नाही’ म्हणतोय, तर टीव्ही तो मोड नाकारतोय. अशा वेळी लाइन२एक्सवर (ओळी दुप्पट करणाऱ्या मोडवर) यायचं. त्यातून ५७६पी मिळतं आणि तेच सर्वांत जास्त ठिकाणी चालतं. माझा टीव्ही चारपटीला काळा पडतो, दुप्पटीला कधीच नाही. कॉम्प्युटरच्या मॉनिटरचा मात्र भरवसा धरू नका, त्यांतले कित्येक ५० हर्ट्झ घेतच नाहीत.

तिसरा प्रकार कमोडोरचा. आकडे बरोबर, टीव्हीची तक्रार नाही, तरी टीव्हीचा पडदा काळाकुट्ट. म्हणजे चित्र बनवणारी व्हीआयसी-टू चिप सिंक देतेय, पण मशीन सुरूच होत नाहीये. हा व्हिडिओचा दोष नव्हे. पीएलए (मेमरीचा कोणता भाग कधी वापरायचा ते ठरवणारी चिप) किंवा रॅमकडे बघा, आणि त्याआधी पॉवर सप्लाय. जुन्या मूळ सप्लायची ५ व्होल्टची लाइन बिघडून वर चढली की रॅम चिपा मरतात. तेव्हा मल्टिमीटरने मोजल्याशिवाय तो सप्लाय जोडूच नका, ही कळकळीची विनंती.

सेटिंगला वेळ द्यावाच लागतो. सुरुवातीला वर्कबेंचमधली (अमिगाच्या डेस्कटॉपमधली) काही अक्षरं ठसठशीत आणि काही पुसट दिसत होती. एका ओळीतले एकूण नमुने ९०८ केले आणि सॅम्पलिंग फेज (नमुना नेमका कोणत्या क्षणी घ्यायचा ते) हळूहळू फिरवला, तेव्हा ऐंशीच्या ऐंशी कॉलम सारखे झाले. प्रोफाइल सेव्ह करून ठेवा.

कमोडोर ६४ साठी हा खोका एकटा पुरत नाही, कारण ते मशीन आरजीबी देत नाही आणि ओएसएससी एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग दोन वेगळ्या तारांवर) घेत नाही. मी मध्ये एस-व्हिडिओचं कंपोनंट (तीन तारांवरचा सिग्नल) करणारी वेगळी डबी लावली आहे. कमोडोरच्या क्रोमाची (रंगाच्या सिग्नलची) पातळी एस-व्हिडिओला हवी त्यापेक्षा जास्त असल्यामुळे रंगांवर जाळी उमटते. केबलमधल्या क्रोमाच्या तारेत साधारण ३०० ओहमचा रेझिस्टर घातल्यावर ती बरीच गेली. फिकट उभे पट्टे मशीनच्या आतून येतात, ते केबल बदलून जात नाहीत. उलट चित्र स्वच्छ झालं की जास्तच डोळ्यांत भरतात.

खरी उणीव इंटरलेसची. वर्कबेंच ६४०×५१२ मध्ये चालवलं की ओएसएससी प्रत्येक फील्ड (सम किंवा विषम ओळींचं अर्धं चित्र) वेगळं ताणून दाखवतो, त्यामुळे आडव्या रेघा थरथरत राहतात. जास्त वेळ वाचलं तर डोळे दुखतात. खेळांना याचा फारसा त्रास नाही. पण तुमचं मुख्य काम त्या मोडमध्ये असेल तर फ्रेम साठवून नीट डीइंटरलेस करणारा रेट्रोटिंक ५एक्ससारखा स्केलर घ्या.